शाळेत मुलांचे ऐकतो कोण?



वैशाखातल्या चंद्रपुरात सूर्य मावळला तरी भिंतींतून धग बाहेर पडतच असते. अशा वेळी घर सोडून येथे सतरंजीवर येऊन बसणाऱ्या श्रोत्यांपुढे काहीतरी हलकेफुलके मांडावे, असा शिष्टाचार आहे. कार्यवाहांनीही आम्हांस तसे सुचवून पाहिले. ताडोबाचे जंगल, गोंडराजांचा परकोट, झाडीपट्टीची नाटके, विषयांची येथे वाण नाही. परंतु आम्ही जो विषय मागून घेतला, तो ऐकून घरी परतताना कोणाचेही मन फारसे प्रसन्न राहणार नाही. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो आणि विषयाला हात घालतो.

मूल शाळेत घालणे म्हणजे ते परक्याच्या हवाली करणे होय. हा शब्द आपण वापरीत नाही, कारण तो कानाला बरा लागत नाही. परंतु व्यवहार तोच आहे. दिवसभर मूल कोणाजवळ बसते, त्याला कोण रागावते, कोण जवळ घेते, यांतले काहीच आपण पाहत नाही. तरीही शहरातले आईबाप निर्धास्त असतात, आणि त्याला एक कारण आहे. संध्याकाळी मूल घरी येते. दप्तर कोपऱ्यात कसे आपटले, त्या आवाजावरून दिवस कसा गेला हे आईला कळते. डबा तसाच परत आला, सदऱ्याची बटणे तुटली, ‘उद्या शाळेत जायचे नाही’ म्हणून मूल हटून बसले, की घरात चौकशी सुरू होते. शाळेची खरी तपासणी ही अशी रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात होत असते. कोणत्याही अधिकाऱ्याला ती इतकी चांगली साधणार नाही.

आता भामरागड, एटापल्ली, कोरची, धानोरा, किंवा आपल्याच जिल्ह्यातील जिवती या तालुक्यांतल्या मुलाचा विचार करा. पाड्यावर शाळा असली तर ती लहान, आणि पुढच्या इयत्तेसाठी मध्ये नदी किंवा रान. म्हणून सहासात वर्षांच्या मुलाला बाप आश्रमशाळेत आणून सोडतो, अंगठा किंवा सही देतो आणि परत फिरतो. पुढे हिवाळा संपता संपता तो स्वतःही बायकोसह मिरची तोडायला तेलंगणात जातो; तेथून आला की तेंदूपत्त्याचा हंगाम उभा असतो. शहरातील मुलाची संध्याकाळ रोज येते. आश्रमशाळेतील मुलाची संध्याकाळ दिवाळीला येते. आम्हांस जे सांगावयाचे आहे ते बहुतेक या एका वाक्यात आले.

यावरून आम्ही आश्रमशाळांच्या विरुद्ध बोलत आहोत, असा ग्रह कृपा करून होऊ देऊ नका. ठक्करबाप्पांनी गुजरातेतील दाहोदच्या बाजूला १९२२ साली भिल्ल सेवा मंडळ स्थापून या कामाचा पाया घातला, तेव्हा रानातल्या मुलाला शिक्षण देण्याचा दुसरा मार्गच दिसत नव्हता. महाराष्ट्र शासनाने १९७०नंतरच्या दशकात हे काम पद्धतशीर हाती घेतले. आज राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून काही अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. जिल्हा वाटला गेला, जंगल काही वाटले गेले नाही. या दोन जिल्ह्यांतील आश्रमशाळांचा कारभार चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड येथील प्रकल्प कार्यालयांतून चालतो. आज तलाठी, परिचारिका, शिक्षक म्हणून आपल्याला भेटणारी आदिवासी तरुण मंडळी पुष्कळशी याच शाळांतून आलेली आहेत. तेव्हा शाळा बंद करणे हा उपाय नव्हे. परंतु जी शाळा आईची जागा घेते, तिने आईचे कानही घेतले पाहिजेत. ते तिने घेतले आहेत काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तीन प्रसंग सांगतो. तिन्ही जाहीर झालेले आहेत. तुम्ही ते वर्तमानपत्रांत वाचलेही असतील.

पहिला, बुलढाणा जिल्ह्यातील. खामगाव तालुक्यात पाळा या गावच्या आश्रमशाळेत लहान मुलींवर अत्याचार होत असल्याचे २०१६च्या नोव्हेंबरात उघडकीस आले. कसे आले? मुली दिवाळीच्या सुटीत घरी गेल्या, पोट दुखते म्हणाल्या, आणि घरच्यांनी खोदून विचारले. शाळेत मुख्याध्यापक होते, कर्मचारी होते, शेजारी इतर मुली होत्या; तरी त्या पोरींना बोलण्यासाठी दिवाळीची वाट पाहावी लागली.

दुसरा, आपल्याच जिल्ह्यातील राजुऱ्याचा. २०१९च्या एप्रिलात तेथील एका खाजगी इंग्रजी शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींचे प्रकरण बाहेर आले. या मुलींना शासनाच्या योजनेतून, शासनाच्या खर्चाने, चांगल्या शाळेत शिकावे म्हणून तेथे ठेवले होते. आजारी म्हणून त्यांना रुग्णालयात नेले, आणि तपासताना डॉक्टरांना संशय आला. येथेही वसतिगृहाच्या आत कोणाला काही ऐकू आले नव्हते, किंवा आले असले तरी ते बाहेर पडले नव्हते.

तिसरा, बदलापूरचा, २०२४च्या ऑगस्टातील. तेथे आश्रमशाळा नाही, रान नाही. मुंबईच्या लोकलगाड्या जातात असे शहर. चारेक वर्षांच्या दोन बालिका. त्यांनी घरी सांगितले. घरच्यांनी पोलिसांत धाव घेतली, तर तेथे फिर्याद नोंदविण्यास विलंब झाला. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या थांबल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरण हाती घेऊन पोलिसांना व शाळेला खडे बोल सुनावले.

आता या तिन्हींत सारखे काय आहे ते पाहा. अत्याचारी माणसे सर्वत्र असतात. ते काही नवल नव्हे. सारखेपणा असा की तिन्ही वेळा कळले ते शाळेबाहेरच्या माणसाला: एकदा घरच्यांना, एकदा डॉक्टरला, पुन्हा घरच्यांना. आणि बदलापूरला ते चारदोन दिवसांत कळले, कारण तेथे संध्याकाळी घर होते.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. ही संकटे मुलींवरच येतात असे आपण धरून चालतो आणि मुलग्यांच्या वसतिगृहाकडे पाहतही नाही. २००७ साली केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले, आणि अशा मुलांत मुलग्यांचा वाटा मुलींहून थोडा अधिकच होता. महाराष्ट्र त्या तेरांत होता. ज्या दुखण्याविषयी मुलगी निदान आईजवळ रडते, त्याविषयी मुलगा कोणाजवळच रडत नाही.

मघाशी ‘पोट दुखते’ हे शब्द आले. त्यांच्यापाशी थोडे थांबू या. लहान मुलाच्या तोंडी हे शब्द अनेक अर्थांनी येतात. भीती वाटली तरी त्याचे पोट दुखते, घरची आठवण आली तरी दुखते. शिक्षकही शेवटी माणूस आहे. शंभर पोरांची शंभर पोटे दुखू लागली की तो ‘नाटके करू नकोस’ म्हणून मोकळा होतो. परंतु या रानातल्या पोटदुखीचे आणखी काही अर्थ आहेत, आणि ते जिवावर बेतणारे आहेत.

मण्यार नावाचा साप तुम्हांस ठाऊक आहे. हा रात्री हिंडतो. पावसाळ्यात उंदरामागे घरात शिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. त्याचे दात इतके बारीक की पुष्कळदा खूण सापडत नाही, वेदनाही फारशी होत नाही. मूल झोपेत कूस बदलते एवढेच. पहाटे ते उठते आणि म्हणते, पोट दुखते. मग उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणे बोबडे होते, आणि अखेर श्वास थांबतो. पहिल्या वाक्याला कोणी उठून दिव्यात त्याच्या पापण्या पाहिल्या, तर प्रतिविष देण्याइतका वेळ असतो. ‘सकाळी बघू’ म्हटले तर नसतो. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने हा धोका पुष्कळ टळतो. मच्छरदाणीने हिवतापही टळतो, आणि राज्यातील हिवतापाचे एक मोठे घर गडचिरोली जिल्हा आहे, हे सांगायला नको.

दुसरे, सिकलसेल. पूर्व विदर्भातील आदिवासी आणि इतरही काही समाजांत हा रक्तदोष आईबापांकडून येतो. अशा मुलाला थंडी बाधली, पाणी कमी पडले, अंगाबाहेर श्रम झाले, की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हातपाय, पाठ, पोट यांत असह्य कळा सुरू होतात. बाहेरून काही दिसत नाही; ना जखम, ना सूज. कवायतीच्या वेळी हे मूल खाली बसते, आणि कवायत घेणाऱ्याला ते आळशी वाटते. मग त्याला मैदानाला दोन फेऱ्या जास्त मारायला लावतात. येथे शिक्षा म्हणजे केवळ अन्याय नव्हे, ती विषाची मात्रा आहे. आरोग्य खाते रक्त तपासून कोणाला हा दोष आहे ते सांगते. त्याची नोंद शाळेच्या कपाटात न राहता कवायत घेणाऱ्याच्या आणि रात्रपाळीच्या माणसाच्या डोक्यात असली पाहिजे.

२०२३च्या डिसेंबरात धानोरा तालुक्यातील सोडे येथील मुलींच्या शासकीय आश्रमशाळेत शंभराहून अधिक मुलींना अन्नातून विषबाधा झाली. गाड्या धावल्या, रुग्णालयाच्या खाटा भरल्या, मंत्रालयापर्यंत बातमी गेली, आणि ते योग्यच झाले. एकाच वेळी शंभर पोटे दुखली की सारा जिल्हा जागा होतो. एकच पोट, रात्री दोन वाजता दुखले तर?

याचे उत्तर काही अंशी कागदावर आहे. राज्यपालांच्या सूचनेवरून डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०१६ साली आश्रमशाळांतील मृत्यूंचा अभ्यास केला. पंधरा वर्षांत राज्यभर मृत्यू पावलेल्या मुलांची संख्या हजाराहून अधिक भरली. ताप, सर्पदंश, बुडणे, अशी कारणे त्यांत आहेत. परंतु अनेक मुलांच्या नावापुढे नेमके कारणच सापडत नाही. आम्हांस संख्येपेक्षा या कोऱ्या रकान्याचे भय अधिक वाटते. मूल कशाने गेले हे ज्या घराला ठाऊक नसते, त्या घरात ते मूल असताना कोणी पाहत होते काय, असा प्रश्न मनात येतो.

दोन-तीन वर्षांमागे आम्ही एका आश्रमशाळेत गेलो होतो. गाव सांगत नाही, कारण जे पाहिले ते त्या एकाच शाळेचे नव्हे. इमारत बरी होती, आवार झाडून काढलेले होते. मुख्याध्यापकांनी अगत्याने सर्व दाखविले. त्यांत तक्रारपेटीही दाखविली. २०१७च्या शासननिर्णयाने प्रत्येक शाळेत ती बसविली गेली आहे. ही पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारालगत, त्यांच्या खुर्चीतून नीट दिसेल अशा जागी टांगलेली होती. किल्ली कोठे, म्हणून विचारले. त्यांनी खिसे चाचपले, टेबलाचा खण उघडला, शिपायाला हाक मारली. किल्ली काही सापडली नाही. सद्गृहस्थ होते ते, खरोखर ओशाळले. परंतु सापडली असती तरी काय होते? जी मुले पहिली-दुसरीत आहेत त्यांना लिहिता येत नाही. ज्यांना येते, त्यांना आपल्यावर गुदरलेली गोष्ट मराठीत लिहिता येत नाही. आणि पेटी उघडणार कोण, तर ज्यांच्या माणसांविरुद्ध चिठ्ठी असायची तेच. अवघड जागी दुखणे नि जावई वैद्य, ही म्हण आपल्या बायकांनी काही उगाच केलेली नाही.

भाषेचा प्रश्न तर मुळाशी आहे. माडिया आणि गोंडी या द्राविडी कुळातल्या भाषा. मराठीशी त्यांचे रक्ताचे नाते नाही. भामरागडकडचे सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा ‘तहान लागली’ हेही त्याला मास्तरांच्या भाषेत सांगता येत नाही. मग ‘अमक्याने मला हात लावला’ हे ते कसे सांगणार? आपली शहरी, मराठी बोलणारी मुले तरी कोठे सांगू शकतात? शरीराच्या काही भागांना आपण मुलांसमोर नावच ठेवलेले नाही. ‘अवघड जागा’ म्हणून आपण तो विषय झाकून ठेवतो, आणि मग मुलाने स्पष्ट सांगावे अशी अपेक्षा करतो. दोन कुलपे आहेत म्हणावयाची: एक भाषेचे, एक लाजेचे.

बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आधी माडिया शिकावी लागली. रोग्याची भाषा आल्यावाचून त्याचे दुखणे कळत नाही, हे डॉक्टरला पहिल्याच दिवशी समजते. मास्तराला ते वर्षानुवर्षे समजले नाही तरी चालते, कारण त्याचा रोगी तक्रार करीत नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिच्या मान्यतेवरून शिक्षणखात्याशी वाद झाला. त्या वादात आज शिरत नाही. परंतु आपले मूल आपल्याला कळेल अशा भाषेत शिकावे, ही त्या गावची मागणी आम्हांस केवळ संस्कृतीची वाटत नाही, ती संरक्षणाचीही आहे.

त्या तक्रारपेटीच्या शाळेत आम्ही दुपारी स्वयंपाकघराकडे गेलो. तेथे एक मध्यम वयाची बाई भाकऱ्या थापीत होती. जवळच्याच गावची, माडिया बोलणारी, रोजंदारीवर काम करणारी. तिच्याभोवती आठदहा पोरे बसली होती. एक तिच्या पाठीला टेकून होते, एक आपला खरचटलेला गुडघा दाखवीत होते, आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. आम्ही उभे राहून पाहत होतो. शाळेची खरी तक्रारपेटी आम्हांस तेथे सापडली, आणि तिला कुलूप नव्हते. परत आल्यावर मुख्याध्यापकांच्या भिंतीवरचा समितीचा तक्ता वाचला. २०२२च्या शासननिर्णयाप्रमाणे सखी सावित्री समिती तेथे होती, सदस्यांची नावे सुवाच्य अक्षरांत होती. त्यांत या बाईचे नाव नव्हते. तिला विचारावे असे कोणाच्या मनातच आले नव्हते.

बदलापूरनंतर शासनाने शाळांना कॅमेरे बसविण्यास सांगितले. बसवावेत, आमचा विरोध नाही. फाटकावर, व्हरांड्यात त्यांचा उपयोग होतो. परंतु ज्या भामरागडचा रस्ता पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात बंद पडतो आणि वीजही जाते, तेथे कॅमेऱ्याच्या भरवशावर निजणे बरे नव्हे. शिवाय कॅमेरा पाहतो, तो ऐकत नाही.

आता कायद्याविषयी. त्याची माहिती आपल्या शहरात आश्चर्य वाटावे इतकी कमी आहे. वकील मंडळी सोडून द्या. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२चा अधिनियम, ज्याला लोक पोक्सो म्हणतात, तो त्या वर्षीच्या बालदिनापासून, १४ नोव्हेंबरपासून, लागू आहे. मुलगा असो की मुलगी, अठरा वर्षांखालील प्रत्येकास तो लागू होतो. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे असा अपराध घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडेल अशी भीती वाटली, त्याने तो पोलिसांना कळविलाच पाहिजे. खात्री करून घेणे, पुरावा गोळा करणे हे त्याचे काम नाही. न कळविल्यास २१व्या कलमाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविला तर एक वर्षापर्यंत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा जागी घ्यावयाचा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, आणि तोही गणवेश न घालता. मुलाला पोलिसांची भाषा कळत नसेल तर दुभाषा द्यावयाचा. माडिया मुलासाठी हे वाक्य सोन्यासारखे आहे. मात्र दुभाष्यांची यादी आधी तयार असेल तरच त्याचा उपयोग.

याच कायद्याचा अर्थ सांगताना सर्वोच्च न्यायालयाला आपल्या राजुऱ्याच्या प्रकरणाचा विचार करावा लागला, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. तेथील वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरवर, कळूनही न कळविल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यापुरती ती कारवाई रद्द केली. राज्य सरकार वर गेले, आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून कारवाई पुन्हा जिवंत केली. आरोप खरा की खोटा हा खटल्याचा भाग. त्याविषयी आम्ही बोलणार नाही. परंतु अशी गोष्ट माहीत असून न कळविणे हा गंभीर गुन्हा आहे आणि तो बहुधा अत्याचाऱ्याला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या जिल्ह्यातून देशाला मिळालेला हा धडा आपल्याच शाळांच्या भिंतीवर कोठे लिहिलेला आम्ही तरी पाहिला नाही.

लोक कळवीत का नाहीत? दुष्टपणाने, असे म्हणणे सोपे आहे. आमचा अनुभव वेगळा आहे. बहुतेक वेळा तेथे एक सभ्य माणूस असतो आणि तो म्हणतो, ‘संस्थेची बदनामी होईल.’ दुसरा म्हणतो, ‘मुलीचे पुढे लग्न व्हायचे आहे.’ तिसरा म्हणतो, ‘त्या माणसाची बदली करून टाकू.’ आणि बदली होते. म्हणजे काय होते? गुन्हा एका आवारातून दुसऱ्या आवारात जातो, आणि तेथल्या मुलांना त्याची पूर्वसूचनाही नसते. या सभेत शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी बसलेले आहेत. अनेकांशी आमचा घरोबा आहे. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, संस्थेचे नाव म्हणजे फाटकावरची कमान, की कमानीखालून आत गेलेली पोरे?

छडीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे वादाला जागाच उरलेली नाही. १ एप्रिल २०१०पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्ही बंद केले आहे. ‘आम्ही मार खाल्ला म्हणून शिकलो,’ असे म्हणणारे वडीलधारे येथे आहेत. त्यांना आमची विनंती अशी की, ज्यांनी मार खाल्ला आणि शाळा सोडली, ते आज या सभेत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय मोठ्या माणसाचा हात अंगावर पडतो तेव्हा गप्प बसायचे असते, हे मूल छडीकडूनच शिकते. आणि तो हात पुढे कोणत्याही हेतूने आला तरी ते गप्पच बसते.

वाघाचेही एक वाक्य बोलले पाहिजे, नाहीतर हे चंद्रपूरचे व्याख्यान होणार नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये आपल्या दुर्गापुरात बिबट्याने सोळा वर्षांच्या मुलाचा जीव घेतला, तेव्हा सारे शहर हादरले होते. रानातून शाळेला चालत जाणाऱ्या मुलांची काळजी सर्वांना आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मुलींसाठी धावतात, त्यांचे उपकार मोठे आहेत. वाघाची भीती समजते, कारण त्याचे ठसे उमटतात. ज्याचे ठसे उमटत नाहीत त्याच्यासाठी आपण संध्याकाळ लावून बसलो आहोत.

घंटा वाजली. अध्यक्षांनी दोन मिनिटे दिली आहेत, तेवढ्यात करावयाच्या गोष्टी सांगतो.

अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला १९९६च्या पेसा कायद्याने आपल्या हद्दीतील शाळा, दवाखाने अशा संस्थांवर लक्ष ठेवण्याचा अधिकार दिलेला आहे. तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभा या भागात आहेत. त्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात महिन्यातून दोनदा, न कळविता, दोन बायका पाठवू शकतात. रात्री कोण जागे असते, मच्छरदाण्या किती, गेल्या महिन्यात कोण आजारी पडले, मुलींच्या खोलीची कडी आतून लागते काय, एवढे पाहिले तरी पुरे. शहरातल्यांनी काय करावे? मुलाला घरी बोलण्यासाठी दूरध्वनीचा ठराविक वार असावा आणि त्या वेळी शेजारी कोणी उभे नसावे, यासाठी प्रकल्प कार्यालयाकडे आग्रह धरावा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत लिहू नये, मुले हात धुतात तेथे लिहावा. आणि समितीत स्वयंपाकीणबाईंना घ्यावे.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. आम्ही चारपाच जण पहिल्या पंधरवड्यात काही आश्रमशाळांतून हिंडणार आहोत. माडिया किंवा गोंडी येणारे कोणी बरोबर येत असतील तर त्यांनी व्याख्यान संपल्यावर कार्यवाहांजवळ नाव द्यावे.

त्या बाईचे मात्र सांगावयाचे राहिले. निघताना आम्ही तिला विचारले, ‘बाई, एवढी पोरे तुमच्याकडे येतात, काय काय सांगतात?’ ती हसली आणि म्हणाली, ‘सारंच सांगते मले. पर राती मी घरी रायतो ना.’